सपाट बुडाचं पातेलं

किशनरावांनी ओसरीवर हैदराबादहून आणलेली विजेची शेगडी मांडली होती, आणि तिच्यावर ठेवायला अख्ख्या घरात एक भांडं सापडत नव्हतं. व्याही जिंतूरहून निघाले होते. त्यांना विजेवरचा चहा पाजणार, हे किशनरावांनी निम्म्या परभणीला सांगून ठेवलेलं.

त्यांच्या बायकोनं, नर्मदाबाईंनी, पितळेची तपेली आणली. भांडी सगळी चुलीवरची, गोल बुडाची. शेगडीचा तवा सपाट. तपेली डुगडुगली, कलंडली, दूध सांडलं. तांब्याचं भगुणं ठेवलं, तर ते टेकलं तेवढंच तापलं, बाकी गारच.

"चूल पेटवू का?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"आन् व्याह्याला काय सांगू? शेगडी पुजायला आनली म्हनून? सपाट बूड बघा कुठं हाय का."

सपाट बूड होतं. गोठ्याच्या कोनाड्यात, केवळाबाईच्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्याला. केवळाबाई या घरचं शेणपाणी करायची. तिला उंबरा बंद, घरच्या भांड्याला हात लावणं बंद. संध्याकाळी नर्मदाबाई अंतर ठेवून वरून त्या पातेल्यात वरण ओतायच्या, भाकरी टाकायच्या, आणि ती ते घरी नेऊन लेकरांना जेवू घालायची. पातेलं तिचं स्वतःचं. भावानं बाजारातून घेऊन दिलेलं.

किशनरावांनी तिला हाक मारली. "केवळे, पातेलं घास. राखेनं, चांगलं."

तिनं घासलं. आज काही गोडधोड मिळणार असं तिला वाटलं असावं. तिनं ते पायरीवर ठेवताच नर्मदाबाईंनी गोमूत्र शिंपडलं, नाकाला पदर लावला आणि सांडशीनं उचलून आत नेलं. जसा काही मेलेला उंदीर उचलायल्यात. एवढा विटाळ वाटत होता, तर त्यातला चहा पोटात कसा गेला, कोण जाणे. पण गेला.

व्याही आले. बशीत ओतून फुर्र फुर्र करत प्याले. मिशीला लागलेली साय चाटली, पुन्हा मागितला. पातेल्याचंही कौतुक केलं. "हे बी हैदराबादचंच का?"

"तर काय, जोडीच हाय," किशनराव म्हणाले. जीभ अडखळली नाही मेल्याची.

पाहुणे गेल्यावर केवळाबाई गोठा आवरून पायरीशी येऊन उभी राहिली. पातेलं ओसरीच्या कडेलाच होतं, बुडाशी चहाचा चोथा. तिनं ते घ्यायला हात पुढं केला.

"शिवू नको," नर्मदाबाई आतून कडाडल्या. "घरातलं हाय आता ते. उद्या तुझं दुसरं आन काहीतरी." बाहेर येऊन त्यांनी एक फुटकं खापर पायानं तिच्याकडं सरकवलं आणि वरण ओतायला पळी उचलली.

केवळाबाईनं हात मागं घेतला. ओसरीवर उष्ट्या बशा पडल्या होत्या, त्यांवर माशा बसल्या होत्या. तिनं त्या बघितल्या, मग नर्मदाबाईंच्या तोंडाकडं बघितलं. लेकरं घरी वाट बघत होती, तरी तिनं खापराला हात लावला नाही.

"ऱ्हाऊ द्या, बाई," ती म्हणाली. "तुमचं उष्टं झालं माझं पातेलं. आता ह्या घरातलं काही माझ्या लेकरांच्या घशाखाली उतरायचं न्हाई."