टँकर कुठे थांबवायचा

दुष्काळाचं वर्ष होतं. लातूरकडच्या एका नगरपालिकेत नुकत्याच रुजू झालेल्या मुख्याधिकारी मॅडमनी जाहीर केलं, की टँकर कुठे थांबवायचा हे यापुढे वॉर्डातले लोकच ठरवतील. पहिली वॉर्डसभा महादेवाच्या देवळासमोर भरली.

मॅडमच्या शेजारी शरणप्पा बसले होते. वॉर्डात सगळे त्यांना 'नगरसेवक साहेब' म्हणत. "मोकळं बोला, आता तुमचंच राज्य हाय," असं ते लोकांना सांगत होते. त्यांच्यासमोर बोलायला मात्र कुणी उठेना.

शेवटी बायकांमधून एक बाई उभी राहिली. "टँकर आधी नगरसेवक साहेबांच्या हौदात अर्धा रिकामा होतो. उरलेल्या पाण्यासाठी गल्ली भांडत बसते. उद्यापासून तो चौकात लावा."

"खाली बस," शरणप्पा दबक्या आवाजात म्हणाले.

"बसू नका," मॅडम म्हणाल्या. "पण हौदाचं तुम्हाला कसं माहीत?"

"झाकण मीच उघडते की. मी रुद्राणी, ह्यांची बायको."

अख्खी सभा हसली. मग भराभर हात वर झाले आणि टँकर चौकात लावायचं ठरलं. मॅडम खूश झाल्या. "लई धाडस केलंत, रुद्राणीताई. तुम्ही निवडणुकीला का उभ्या राहत नाही?"



"मागच्या निवडणुकीत मीच निवडून आले की, मॅडम. पालिकेच्या मीटिंगला हे जातात, म्हणून म्हटलं रहिवाशांच्या सभेत तरी बोलून घ्यावं."