सारख्या दिसणाऱ्या गोळ्या

“माझ्या भावाला तुम्ही खडू चारताय का, तेवढं सांगा,” ताई म्हणाल्या.

डॉक्टर वयाने लहान होत्या. हा प्रश्न त्यांना नवा नसावा. “ताई, खरंच मला माहीत नाही. इंजेक्शनं सगळ्यांना सारखीच. गोळ्यांचं म्हणाल तर निम्म्यांना नवं औषध आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवतो. आम्हाला कळलं तर तपासताना आमचंच मन एका बाजूला झुकेल.”

“आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. याला संशोधन म्हणायचं!”

भाऊ शेजारच्या खुर्चीत चपला काढून बसला होता. त्याला पायात काही घालवतच नव्हतं. जन्मभर बस चालवली, दारूच्या थेंबाला शिवला नाही, आणि झाला काय तर यकृताचा कॅन्सर. बघायला येणारे नातेवाईक हळूच विचारायचे, “घ्यायचा का हो?” एकाच्या हातातला भरला कप काढून घेऊन ताईंनी त्याला दार दाखवलं होतं. आईमागे त्यांनीच भावाला लहानाचा मोठा केला होता. आता तो आपल्या डोळ्यांदेखत जाणार, हे त्या ऐकूनच घेणार नव्हत्या.

“तळव्यांना फोड आलेत. अन्नावरची वासना उडालीय. हे कशाने?”

“आजाराने असेल, इंजेक्शनांनी असेल, गोळ्यांनीही असेल. मलम देते. गोळ्या मात्र चुकवू नका.”

“आणि गाठ?”

“आहे तेवढीच आहे. ते वाईट नाही, ताई.”

“आहे तेवढीच!” ताई उठल्या. “चल रे. इथे आपल्याला कुणी वाली नाही.”

बाहेर बाकावर मास्तर डबा खात होते. आजार तोच, संशोधन तेच, गोळ्यांची बाटलीही तशीच. फक्त माणूस टुणटुणीत. भूगोल शिकवून निवृत्त झालेले, पण जीभ अजून नोकरीवर होती.

“काय ड्रायव्हरसाहेब, आज गाडी न्यूट्रलला?”

भाऊ कसाबसा हसला. ताईंना हसू आलं नाही. त्यांचं लक्ष मास्तरांच्या डब्याकडे होतं. माणूस बोटं चाटूनपुसून जेवत होता.

“तब्येत छान दिसतेय हो यांची,” त्या शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, मास्तरीणबाईंना, म्हणाल्या. “गाठीचं काय म्हणाले?”

“चाललंय आपलं.” मास्तरीणबाईंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

नजर लागेल म्हणून सांगत नाही, ताईंनी ओळखलं. घरी जाईपर्यंत त्या धुमसत होत्या. मास्तरांची मुलं हाताशी आलेली. भावाची मुलगी अजून शाळेत. त्या कॉम्प्युटरला काय, ना आगा ना पिछा. उचललं औषध आणि टाकलं ज्याचा संसार उरकलाय त्याच्या पदरात! असला न्याय करणाऱ्याचे कान उपटायला कुणीच कसं नाही?

पुढच्या खेपेला खिडकीवर दोघांना नव्या बाटल्या मिळाल्या. मास्तरीणबाई म्हणाल्या, “ताई, जरा पिशवी बघता? यांना रक्त द्यायला नेते.”

भाऊ बाकावर डोळे मिटून पडला होता. ताई पिशवी घेऊन बाथरूममध्ये गेल्या. भावाच्या बाटलीतल्या गोळ्या रुमालात ओतल्या, मास्तरांच्या तिच्यात, रुमालातल्या मास्तरांच्या बाटलीत. झाकणं लावली. चोरी? त्यांनी आरशातल्या स्वतःलाच डोळे वटारले. चोरी आधीच झाली होती. त्या फक्त आपलं होतं ते परत घेत होत्या.

“फार उपकार झाले,” पिशवी परत घेताना मास्तरीणबाई म्हणाल्या. ताईंनी मान वळवली.

आणि बघता बघता गुण आला. आधी फोड सुकले. मग एका दुपारी भावाने आपणहून ताट पुढे ओढलं. तो लेकीला शाळेत सोडायला चालत गेला, तेव्हा ताई दारात उभ्या राहून मनसोक्त रडल्या. त्याच्या पुढच्या खेपेला त्यांनी पुन्हा तेच केलं. मास्तरीणबाईंचा विश्वास पूर्वीसारखाच होता, आणि तोच ताईंना सलत होता. जेवताना कधीकधी मास्तर आठवायचे आणि घास तोंडात फिरायचा.

मग गाठीचा फोटो काढण्याचा दिवस आला. भावाला आत नेऊन बराच वेळ झाला होता. बाकावर मास्तरीणबाई एकट्याच होत्या.

“मास्तर कुठेत?”

“आत झोपवलंय. चालवत नाही हो त्यांना. तळव्यांना फोड आलेत, खाणं सुटलंय, जिवाची नुसती तगमग. इतका बोलका माणूस, पण आता तोंड उघडत नाही.”

ज्या कॉम्प्युटरला आपण शिव्या घातल्या, त्याने निदान कुणाचं तोंड बघून काही केलं नव्हतं. आपण तर मास्तरांना ओळखत होतो. ताईंनी मास्तरीणबाईंचा हात धरला. आता त्या पोलिसांत देवोत, नाहीतर चारचौघांत चपलेने मारोत.

“बाई, मला तुम्हाला एक सांगायचंय. माझ्या हातून फार मोठं पाप झालंय.”

“सांगाल हो. आधी माझं ऐका.” मास्तरीणबाईंचे डोळे भरून आले होते, पण चेहरा हसत होता. “तुमच्यापासून मी लपवलं होतं. पहिल्यापासून यांची गाठ वाढतच होती, आम्ही आशाच सोडली होती. आत्ता डॉक्टर सांगून गेल्या, ती निम्म्यावर आलीय.”