सगळ्यात खाली कोण

“‘ई’ सुराला खाली ढकलायचं? देवाच्या घरात असला भेदभाव नको!” असं म्हणून चर्चच्या पंचांपैकी एक, एल्डर आर्कोर्फुल, यांनी पियानोचं झाकण आपटलं. अराबाची बोटं थोडक्यात वाचली.

घानातल्या सेकोंदी गावच्या या चर्चमध्ये ती नवीनच पियानो वाजवायला लागली होती. दाराबाहेर नवरी ताटकळत होती. नवरी म्हणजे एल्डरांचीच मुलगी एसाबा. तिच्या प्रवेशाची सुरावट सुरू व्हायची होती, आणि तिच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: सी, तिरकी रेघ, ई.

“कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा सुरांचा गट, सीचाच आहे, एल्डर,” अराबा म्हणाली. “सी, ई, जी, सूर तेच तिघं. रेघेनंतर ज्याचं नाव, तो तळाला. कुणीतरी खाली असणारच ना?”

“का म्हणून?”

तिने त्यांना आणि बाकीच्या दोन्ही एल्डरांना वेदीच्या पायऱ्यांवर उभं राहायला सांगितलं. “आता बघा. कोणीही कुठल्याही पायरीवर गेलं, तरी मंडळ तुम्हा तिघांचंच.”

पटलं. पण खालच्या पायरीवर कोणी जाईना. एल्डर एसिलफी म्हणाले, “माझा गुडघा.” एल्डर क्वेनू म्हणाले, “मी खजिनदार आहे.” आर्कोर्फुल तर छताकडेच बघत राहिले. बाहेर नवरीची मावशी ओरडली, “अहो, पोरगी उन्हात वितळतेय!”

अराबा काकुळतीला आली. “अहो, तळाला असतो त्याच्यावरच तर सगळं पेललेलं असतं. वरचे दोघं त्याच्या जिवावर गातात.”

मग तिघंही एकदमच खाली उतरले.

“सरका, मुलगी माझी आहे!”

“मुलगी तुमची, पायरी चर्चची!”

एसिलफींचा गुडघा कुठल्या कुठे पळाला. तिघं एकाच पायरीवर खांद्याला खांदा दाबून, कोपरं मारत उभे राहिले. वरच्या दोन पायऱ्या रिकाम्या.

“वाजव, पोरी,” आर्कोर्फुल धापा टाकत म्हणाले. “फक्त तिघांनाही तळाला घे.”

“घेते,” अराबा म्हणाली आणि जसं लिहिलं होतं तसंच वाजवलं. एसाबा आत आली. सगळी मंडळी उभी राहिली. आर्कोर्फुल लहान मुलासारखे रडले.

जेवणाच्या वेळी ते जॉलोफ भाताची ताटली घेऊन अराबाशेजारी येऊन बसले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “त्या दोघांना सांगू नकोस. पण तळाला जो घुमत होता ना, तो मीच.”

अराबाने मान डोलावली. त्या दोघांनीही मघाशी, एकेकटं गाठून, तिला हेच सांगितलं होतं.