माहेराशी रस्सीखेच

पावसाळ्यात नाल्यांना पाणी चढलं, की झरी जामणीकडची वरचं, मधलं आणि खालचं अशी तीन गावं बेटांसारखी सुटी पडत. पाणी उतरलं, की त्यांचे आपसात सामने होत. कबड्डी, खो-खो, धावणं आणि शेवटी बायकांची रस्सीखेच. कापसाने सगळ्यांनाच रडवलं होतं, म्हणून त्या साली बक्षिसाला ढाल नव्हती, एक भलंमोठं कोहळं होतं.

रस्सीखेच दरवर्षी वरचं गाव जिंकायचं, खालचं हरायचं. जया वरच्या गावची लेक आणि खालच्या गावची नवी सून. यंदा हरलो तर खापर आपल्याच डोक्यावर फुटणार, हे तिला ठाऊक होतं. दोर हातात घेताघेताच सासूने, अनसूबाईंनी, दम भरला, "माहेर पाहून हात ढिला सोडशीन तं याद राख!"

"नाई सोडत, आत्याबाई."

समोरून जयाची वहिनी ओरडली, "आता दिवाळीले कुठी येशीन वं?"

जयाने दात-ओठ खाऊन टाचा रोवल्या आणि असा हिसडा दिला, की सगळं माहेर चिखलात लोळलं. खालचं गाव नाचू लागलं. सोललेले तळहात घेऊन जया कौतुकाच्या आशेने सासूकडे वळली.

अनसूबाई वरच्या गावच्या एका बाईचं चिखलाने माखलेलं तोंड आपल्या पदराने पुसत होत्या.

"मोठी शायनी हायेस वं! इतके वर्सं मी बी दोर धरला, पन माह्या माहेराले कधी चिखल लागू देला नाई."