घाटासाठी दिवे

“हे नकोत,” द्वारकाबाई म्हणाल्या आणि गाडीच्या मागच्या सीटवरूनच त्यांनी बल्बची पेटी परत केली. “उजेड फार पांढरा आहे.”

शहागंजच्या मागच्या गल्लीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी होती. दिवे तपासायचे म्हणून दुकानदार राजकुमारने शटर अर्ध्यावर ओढले होते; भर दुपारी आत अंधारून आले होते.

“माई, सगळी पोरं हेच नेतात. लई लांब फेकतात.”

“पोरं नेतात ती मिरवायला. मला अजिंठ्याचा घाट उतरायचा आहे. समोरच्याचे डोळे दिपले तर तो कुठे येईल? आपल्याच अंगावर. आणि धुक्यात हा पांढरा उजेड पुढे जात नाही, तिथल्या तिथे पसरतो. पिवळसर दाखव. वॅट मात्र पहिल्याइतकेच हवेत, वायर जळायला नको.”

राजकुमार हसला. “माई, तुम्ही शेजारी दुकानच टाका ना.”

“टाकते. पण मग तू काय करशील?”

बॉनेटला टेकून उभा असलेला त्यांचा मुलगा इंद्रजीत हसला नाही. तो फोनमध्ये पाहत होता.

ही सारी माहिती द्वारकाबाईंनी नातीच्या, श्रेयाच्या फोनवर तीन दिवस बसून मिळवली होती. खुब्याचे हाड मोडल्यापासून चार महिने त्या शहरात, मुलाच्या घरी होत्या. फर्दापूरला त्यांचे घर होते, गोठ्यात दोन गायी होत्या. चालता येऊ लागले की दर शनिवारी तुला फर्दापूरला नेईन, असा इंद्रजीतने शब्द दिला होता. त्या चालू लागल्या. पहिल्या शनिवारी वाळूजच्या कंपनीत त्याला जादा पाळी आली. दुसऱ्या शनिवारी सूनबाई प्रेरणाच्या माहेरचे पाहुणे आले. मग टायर गुळगुळीत झाले, ते बदलले. आणि गेल्या शनिवारी तो म्हणाला, “पाळी सुटल्यावर निघायचं म्हणजे घाटात अंधार होतो, आई. दिवे मंद आहेत. तुला घेऊन कसा जाऊ?”

द्वारकाबाईंना ते कारण पटले. पटलेल्या कारणावर त्यांनी आयुष्यात कधी वाद घातला नव्हता. कारण दूर करून त्या पुढे निघत. चार दिवसांनी त्यांनी मुलाला हुकूम केला, “सुट्टी घे. दिवे बदलायचे आहेत.”

तिसऱ्या पेटीतले बल्ब त्यांच्या मनास आले. उजेड सायीच्या रंगाचा होता, पुढे रेखीव पडत होता. राजकुमारने दोन्ही बाजूंचे जुने बल्ब काढले, नवे बसवले, काचा पुसल्या. द्वारकाबाई सीटवर ताठ बसून पाहत होत्या. शनिवारी संध्याकाळी निघायचे, म्हणजे नऊच्या आत पोहोचू, गोठ्यात आधी जायचे की देवघरात, याचा त्यांनी मनाशी निकालही लावला होता.

राजकुमारने समोरच्या पांढऱ्या भिंतीवर, उजेड जिथवर पडायला हवा तिथे, खडूने एक आडवी रेघ ओढली. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या तीन बोटे वर पडत होती. पेचकस घेऊन तो, आता भिंतीपाशी येऊन उभ्या राहिलेल्या इंद्रजीतकडे गेला.

“साहेब, मागं नेहमी कोण असतं? माणूस मागं बसला की गाडीचं नाक उचलतं, उजेड वर जातो. ज्या वजनावर गाडी रोज चालते, त्याच वजनावर लावतो मी.”

इंद्रजीतने एकदा गाडीकडे पाहिले आणि आवाज उतरवला. “पुढे मी आणि बायको. मागे कोणी नसतं.”

“अन् माई? घाटात जायचं म्हणत व्हत्या.”

“ती आता जायची नाही. तिथलं घर लॉजवाल्याला दिलंय, गायीही विकल्या. तिला अजून सांगितलं नाही. तू आमचंच वजन धर.”

गाडीची काच खाली होती. द्वारकाबाईंचा पाय अधू झाला होता, कान नव्हे.

त्यांना दवाखान्यातली खाट आठवली. शस्त्रक्रियेच्या आदल्या सकाळी इंद्रजीतने पुढे केलेले कागद आठवले. विम्याचे आहेत, तो म्हणाला होता. आयुष्यात न वाचता केलेल्या त्या पहिल्याच सह्या होत्या.

राजकुमार गाडीपाशी आला. त्याने त्यांच्या डोळ्यांत पाहिले नाही. “बसा माई, बसल्या ठिकाणी बसा. मी तुमच्यासकट लावतो.”

“कशाला?” द्वारकाबाईंचा आवाज नेहमीसारखाच होता. “खोट्या वजनावर लावलेले दिवे खोटेच पडतात. दार उघड.”

“आई, अगं, पाय…” इंद्रजीत धावत आला.

“तू पुढे बस. चालवणाऱ्याचं वजन लागतं.”

तो स्टिअरिंगमागे जाऊन बसला. द्वारकाबाईंनी काठी टेकली. राजकुमारने पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही. आधी एक पाय खाली आला, मग दुसरा. पदर सारखा करून त्या गाडीपासून चार पावले दूर झाल्या आणि भिंतीकडे पाहत उभ्या राहिल्या.

उजेड हळूच खाली उतरला आणि नेमका खडूच्या रेघेवर येऊन थांबला. राजकुमारला पेचकस लावावाच लागला नाही.