दीपगृहाचे पडदे

“तू बस गं इथे, तुझे गुडघे आहेत,” बाबा म्हणाले. खरं तर त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच आई बाकावर बसली होती. सवयच तशी.

वाळूने भरलेल्या चपला घालून वर चढायचं नाही, हा दीपगृहाचा नियम. तेव्हा दोन पिशव्या, छत्री, पाण्याची बाटली आणि तीन जोड चपला आईच्या स्वाधीन करून बाबा, थोरली आणि धाकटा एकशे अठ्ठावीस पायऱ्या चढायला गेले.

आईचा गुडघा एकदाच दुखला होता. तीन वर्षांपूर्वी, आठवडाभर. पण घरच्यांनी तो जो धरला, तो काही सोडला नाही. सहलीच्या तीन दिवसांत मंडळींनी मत्स्यालय पाहिलं, शंखशिंपल्यांचं संग्रहालय पाहिलं, होड्या बांधायचा कारखाना पाहिला. आईने तीन ठिकाणचे बाक पाहिले. बरं, तक्रार करणार कुणाची? “मी बसते, तुम्ही या जाऊन,” हे तर तिचंच पाठ झालेलं वाक्य. पण आज त्या पांढऱ्या मनोऱ्याकडे मान वर करून बघताना तिला एकदम भरून आलं. एकदा तरी वर जायचं होतं तिला. आणि उद्या सकाळी तर परत निघायचं.

अर्ध्या तासाने तिघं लालबुंद होऊन खाली आली.

“आई, काय दिसतं गं वरून! तू हवी होतीस,” थोरली चपला घालता घालता म्हणाली.

“हो ना,” आई म्हणाली.

“आम्ही धक्क्यावर होड्या बघून येतो. वीस मिनिटं,” बाबा म्हणाले. “हलू नकोस हं इथून.” आणि गेलेसुद्धा.

ऊन कलायला लागलं तसा दीपगृहाचा रखवालदार बाहेर आला. म्हातारा, काटक, उजवा हात गळ्यातल्या फडक्यात अडकवलेला. त्याने ‘बंद’ अशी पाटी दाराला लावली, आणि बाकाकडे बघत उभा राहिला.

“ताई, वर येता का जरा? पडदे काढायचेत. माझा खांदा धरलाय, हात वर होत नाही.”

“आता वेळ संपली ना पण?”

“बघायची संपली. कामाची सुरू झाली.”

“सामान आहे हो.”

“माझ्या खोलीत ठेवा. कुलूप लावतो.”

गुडघ्याचं नाव अगदी आईच्या ओठांवर आलं होतं. तिने ते तसंच गिळलं, चपला काढल्या आणि पिशव्या उचलल्या.

साठाव्या पायरीवर ती थांबली, पण ती दम लागला म्हणून. गुडघा बिचारा गप्प होता.

वरची खोली गोल होती. चारी बाजूंनी काचा आणि काचांवर जाड पांढरे पडदे. लहानपणी दोरीवर वाळत घातलेल्या चादरींमध्ये शिरलं की असाच मऊ, पिवळट उजेड असायचा. मधोमध माणसापेक्षा उंच भिंग उभं होतं आणि त्याच्या पोटात एवढासा दिवा.

“दिवसा झाकून ठेवावं लागतं,” रखवालदार हळू आवाजात म्हणाला. “नाहीतर ऊन या भिंगात शिरून आग लावतं. संध्याकाळी एकेक पडदा काढायचा. सावकाश. इथे घाई नाही.”

इथे घाई नाही! हे वाक्य आईला किती वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

तिने पहिला पडदा सरकवला आणि समुद्र आत आला. दुसरा सरकवला तर आणखी समुद्र. तिसऱ्यानंतर तिने वळून भिंगात पाहिलं, तर तिथे समुद्र वर टांगलेला आणि आभाळ खाली पसरलेलं. एक होडी शीड खाली आणि तळ वर करून अगदी निवांत चालली होती. आईला हसू फुटलं. ती पुढे गेली, मागे आली, होडी लहान झाली, मोठी झाली. किती वेळ गेला, तिला कळलंच नाही.

शेवटचा पडदा जमिनीच्या बाजूचा होता. तो काढला, आणि खाली तिला तिचा बाक दिसला. काडेपेटीएवढा, रिकामा. त्याच्याभोवती तिघं.

धाकटा बाकाखाली वाकून बघत होता. थोरली चहाच्या टपरीवरच्या खुर्च्या बघून आली, मग नळाजवळचा कट्टा. बाबा बसथांब्यापर्यंत धावत गेले आणि तिथलं बाकडं बघून तसेच धावत परत आले. धावताना त्यांची एक चप्पल सुटली, तरी ते थांबले नाहीत. “अगं एऽऽ” अशी बारीक हाक वर आली. आईचा जीव कळवळला. या माणसाला धावताना तिने शेवटचं कधी पाहिलं होतं?

आता थोरली भिंतीलगतच्या पायऱ्या बघत होती. मान वर मात्र कुणीच केली नाही.

“तुमचीच मंडळी ना?” रखवालदाराने विचारलं. “मारा हाक. इथून ऐकू जाते.”

आईने खिडकी उघडली. वाऱ्याने तिचा पदर उडाला, तो तिने उडू दिला.

“मारते की,” ती कोपरं टेकून म्हणाली. “आधी बसायच्या सगळ्या जागा बघून होऊ देत त्यांच्या.”