पूजेतली हार्ड डिस्क

घरात स्क्रीन आणि कीबोर्ड ठेवायला सरकारची परवानगी होती. विचार करणारा प्रोसेसर आणि लक्षात ठेवणारी हार्ड डिस्क मात्र केंद्रात जमा करायची होती. मालिनीबाई होनरावांनी डिस्क दिली नव्हती. तिच्यात त्यांच्या दिवंगत यजमानांचा आवाज होता. हयातभर मंत्र्यांना शिव्या घालणारे होनराव, केंद्राने आधीच काढून घेतलेल्या त्या आवाजाच्या प्रतीत, हल्ली मंत्र्यांचं कौतुक करू लागले होते.

खंडेनवमीला जप्ती अधिकारी तोडणकर आले, तेव्हा डिस्क पाटावर झेंडूच्या फुलांखाली बसली होती.

"पूजेतलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलत नाहीत," बाई म्हणाल्या. "तुमचं कुठंय? त्यालाही कुंकू लावते."

लहानपणापासूनच्या सवयीने तोडणकरांनी जप्तीची नोंद करायचं यंत्र पाटावर ठेवलं, हात जोडले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आता तेही उद्यापर्यंत उचलता येणार नाही.

"उद्या येतो," ते ओशाळून म्हणाले. "डिस्क इथेच ठेवायची, लक्षात राहील ना?"

"ते मी कसं सांगू?" बाईंनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. "लक्षात ठेवायचं काम आता केंद्राचं. त्यांनाच विचारा."